बंदीपेक्षा रिफंडचा नियम करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, पूर्वी त्याला कलम 144 म्हणायचे, 2024 च्या जुलैपासून 163 म्हणतात, बाकी मजकूर तोच. धबधब्याखाली उतरू नये, कड्याच्या टोकावर सेल्फी काढू नये, अमुक वाजल्यानंतर थांबू नये. मग कोणीतरी वाहून जातं, दोन दिवस सगळे चॅनेल तेच दाखवतात, बंदी अजून कडक होते आणि पुढच्या रविवारी पायथ्याशी पार्किंगला जागा नसते. मी बरीच वर्षं डोंगरात फिरणारी बाई आहे आणि आता माझी मुलगी आणि भाचे ट्रेक नेणाऱ्या कंपन्यांबरोबर जातात, त्यामुळे दोन्ही बाजू बघते. मला वाटतं बंदी चुकीच्या जागी घातली जातेय. माणसं पावसात अडकतात ती बंदी मोडून गेली म्हणून कमी आणि पैसे भरले होते म्हणून जास्त.

हे कसं ते सांगते, पण आधी हवामानाचं बोलू द्या कारण तिथेच पहिली गल्लत होते.

मुंबई-पुण्याची मुलं निघायच्या आदल्या रात्री मोबाईलवर बघतात ते आपल्या शहराचं वेदर. ढगातून सूर्य डोकावतोय, पाऊस 40 टक्के, चला. आता बघा, पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो. 25 जुलै 2024 ला सकाळी ताम्हिणी घाटात 24 तासांचा आकडा आला 556 मिलिमीटर. म्हणजे पुण्याचा पाऊण वर्षाचा पाऊस ताम्हिणीत एका दिवसात, आणि त्याच दिवशी शिवाजीनगरला शंभरच्या वर थोडासाच. महाबळेश्वरला 2021 च्या जुलैत एका दिवसात 594 मिलिमीटर झाला, रायगड जिल्ह्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली ते हेच दिवस. आणि महाबळेश्वरहून पाचगणी विसेक किलोमीटर, तिथे वर्षाचा पाऊस निम्म्याहून कमी. हे सगळं आपण शाळेत शिकलोय, अरबी समुद्राकडून बाष्पाचे वारे येतात, सह्याद्रीची भिंत आडवी येते, वारे वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया. दहा मार्काला लिहिलं आणि विसरलो. डोंगरात जायचं म्हणजे आपण बरोब्बर त्या भिंतीच्या कडेवर जाऊन उभं राहायचं असतं, हे डोक्यात येत नाही.

हवामान खातं हे वेगळं सांगतं बरं का. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या अंदाजात जिल्ह्याचा सपाट भाग वेगळा आणि घाटाचा भाग वेगळा देतात. शहराला पिवळा आणि घाटाला लाल असं कितीदा असतं. लाल म्हणजे 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस होऊ शकतो. पण टीव्हीवर पट्टी फिरते ती "पुण्याला रेड अलर्ट" अशी, शहरात ऊन पडतं, लोक हवामान खात्यावर मीम बनवतात, आणि त्याच वेळी मुळशीच्या वर आभाळ फाटलेलं असतं. (तसंच कुठेही जोराची सर आली की "ढगफुटी" छापता त्याचंही बघा जरा, तासाला 100 मिलिमीटर झाला तर ती ढगफुटी, प्रत्येक सर ढगफुटी नसते आणि असं रोज लिहिलं की खरी येते तेव्हा कोणी ऐकत नाही.)

पाण्याचा हिशोब लोकांना कळत नाही असं माझं मत आहे. एक चौरस किलोमीटरचं पठार घ्या, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या किल्ल्याचा माथा. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की ते 10 कोटी लिटर पाणी झालं. खाली बेसॉल्टचा कातळ, माती बोटभर, जुलैत ती आधीच भरलेली, मुरणार कुठे? ते सगळं दोन-चार ओढ्यांनी आणि पायऱ्यांनी खाली येतं. 7 जुलै 2024 ला रायगडावर हेच झालं, रविवार होता, पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी आलं आणि माणसं कठड्याला धरून उभी, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधी, 30 जूनला, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका घरातले पाच जण गेले, त्यात लहान मुलं. ते पाण्यात मस्ती करत नव्हते, मधल्या खडकावर उभे होते आणि पाणी वाढलं. वर डोंगरात पाऊस पडतोय आणि आपण उभे आहोत तिथे फक्त भुरभुर, त्यामुळे कळतच नाही. जाणकार माणूस पाण्याचा रंग बघतो, चहासारखं लालसर झालं, काड्या-पाचोळा यायला लागला, आवाज बदलला की बाहेर, फोटो बिटो काही नाही. आणि बाहेर म्हणजे ज्या काठावरून घरी जाता येतं त्या काठाला, हेही सांगावं लागतं. गुडघाभर पाणी असलं तरी वेग असेल तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात, दोरी नसेल तर पाणी उतरायची वाट बघायची, सह्याद्रीतले ओढे जसे पटकन चढतात तसे पाऊस थांबला की उतरतातही, दोन-तीन तास बसावं लागेल एवढंच.

पण पाण्याची भीती निदान लोकांना कळते. थंडीची तर कोणी धरतच नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याचा एक ग्रुप धुक्यात वाट चुकला, पावसात रात्र काढावी लागली आणि त्यातला एक जण थंडीने गेला. ऑगस्टमध्ये, महाराष्ट्रात, थंडीने. ही बातमी आतल्या पानावर दोन दिवस आली आणि गेली, आणि माझ्या मते पावसाळी ट्रेकबद्दल यापेक्षा महत्त्वाची बातमी गेल्या काही वर्षांत आलेली नाही. तोलार खिंडीतून वर गेलं की मंदिरापर्यंत एकामागे एक टेकड्या लागतात, सगळ्या सारख्या दिसतात, धुकं उतरलं की दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, बाणाच्या खुणा असतात त्या दिसल्या तर दिसल्या. वाट शोधत माणसं तिथल्या तिथे फिरतात, दमतात, मग बसतात, आणि बसलं की गार पडायला सुरुवात होते.

शरीराचं तापमान 35 च्या खाली गेलं की काम बिघडतं. त्याला बर्फ लागत नाही, 18-20 डिग्री, अंगावर भिजलेली जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट आणि सोसाट्याचा वारा एवढं पुरतं. दहा रुपयाचा प्लास्टिकचा रेनकोट वाऱ्याने पहिल्या तासात फाटतो. पहिल्यांदा माणूस कुडकुडतो, मग त्याचं बोलणं अडखळायला लागतं, चालताना ठेचकाळतो, चिडतो किंवा एकदम गप्प होतो, आणि बरोबरचे म्हणतात दमला असेल, नाटकं करतोय, चल रे चल. मग कुडकुडणं थांबतं आणि सगळ्यांना वाटतं बरं वाटलं याला, खरं तर तिथून पुढे फार वाईट असतं. अशा वेळी वाऱ्याआड न्यायचं, ओले कपडे काढून कोरडे घालायचे, डोक्याला टोपी, दोघा-तिघांनी चिकटून बसायचं, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. हातपाय चोळायचे नाहीत आणि ब्रँडी तर अजिबात द्यायची नाही, त्याने गरम वाटतं पण उष्णता उलट बाहेर जाते. म्हणून म्हणते बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा जोड आणि एक स्वेटर ठेवा, जुलै असला तरी. आमच्या घरी यावरून दरवेळी भांडण होतं, "आई स्वेटर कोण नेतं पावसाळ्यात", होतं भांडण तर होऊ दे.

विजेचं थोडक्यात. मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, हे दिवस विजेचे, आणि बहुतेक वेळा दुपारनंतरचे. म्हणजे भर जुलैपेक्षा "आता पाऊस संपला, जाऊया" म्हणून जातो तेव्हा वीज जास्त. कळसूबाईसारख्या 1646 मीटरच्या टोकावर, जिथे आपल्यापेक्षा उंच काहीच नाही आणि हातात लोखंडी शिडी, तिथे गडगडाट ऐकला की उतरायला लागायचं. वीज दिसल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांच्या आत असेल तर ती दहाएक किलोमीटरवर आहे, पुढची तुमच्यावर पडू शकते. 2021 च्या जुलैत जयपूरला आमेर किल्ल्यासमोरच्या बुरुजावर पाऊस बघायला चढलेल्या लोकांवर वीज पडली आणि कितीतरी माणसं गेली. आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने दामिनी नावाचं अ‍ॅप काढलंय, 20 आणि 40 किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं, फुकट आहे, मराठीतही आहे. पण डोंगरात रेंज नसते तेव्हा कान आणि डोळेच.

आता पैशाचं.

मागच्या पावसाळ्यात मुलीने एका कंपनीबरोबर शनिवार-रविवारचा ट्रेक बुक केला होता, नाव लिहीत नाही कारण सगळीकडे हेच आहे. शुक्रवारी संध्याकाळी घाटाला लाल इशारा आला. मी म्हटलं नको जाऊ. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं "ट्रेक ऑन आहे गाइज, पाऊस हीच तर मजा", आणि खाली बारीक अक्षरात, 48 तासांच्या आत कॅन्सल केल्यास पैसे परत नाहीत. बाराशे रुपये. ती म्हणाली आई, बाराशे जातील. नव्या नोकरीला लागलेल्या पोरीला बाराशे म्हणजे बाराशे असतात. शेवटी गेली नाही, मी भरले, पण बसमधले बाकीचे गेलेच ना. प्रत्येकाने मनात तोच हिशोब केला असणार. आणि कंपनीचा तिच्या बाजूने हिशोब आहे, बसवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय, गावात जेवण सांगितलंय, लीडरला मानधन, बॅच रद्द केली तर सगळं अंगावर. म्हणजे जाणारा थांबत नाही, नेणारा थांबत नाही, आणि दोघांनाही आकाश दिसतंय.

वर गेल्यावर पण तेच. बावीस-तेवीस वर्षांचा लीडर, मागे चाळीस जण, सगळ्यांना टॉपवरचा फोटो हवा, तो म्हणणार कसा की इथूनच मागे फिरा? खाली जाऊन लोक एक स्टार देतात, लिहितात "समिट झालं नाही, पैसे वाया". मी असे रिव्ह्यू वाचलेत. ज्या लीडरने माणसं सुखरूप आणली त्याला एक स्टार.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात आठ जण गेले, त्यात दोन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख रॉब हॉल आणि स्कॉट फिशर स्वतः होते, दोघंही कसलेले. परत फिरण्याची वेळ दुपारी दोनची बोलली जायची, पण दोननंतरही माणसं वर चढतच होती, काही जण चारच्या सुमारास. एकेका क्लायंटने 65 हजार डॉलर भरलेले, एक जण तर आदल्या वर्षी शिखराच्या जवळून परतलेला, कोण कोणाला मागे फिरवणार? नेपाळमध्ये 2014 च्या ऑक्टोबरात 12 तारखेला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं, दोन दिवसांनी त्याचाच बर्फ 5416 मीटरच्या थोरोंग ला खिंडीत पडला आणि त्या भागात 43 माणसं गेली. दोन दिवस! वादळाची बातमी जगभर होती, पण ऑक्टोबर म्हणजे सीझन, ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ आकाश, सुट्टी मोजून घेतलेली, सगळे निघाले. आणि 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या ट्रेकला बंगळुरूहून गेलेल्या ग्रुपमधले नऊ जण बर्फवादळात गारठून गेले. आपल्याकडची मराठी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात अशाच दहा-पंधरा हजारांच्या पॅकेजवर जातात, तिथेही एक दिवस हवामान खराब म्हणून थांबायचं म्हटलं तर परतीचं ट्रेनचं तिकीट आडवं येतं. राखीव दिवस नसलेला हिमालयातला ट्रेक मी तरी कोणाला घेऊ देणार नाही.

कोणी म्हणेल काही झालं तर रेस्क्यू आहेच. आहे, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची मुलं आहेत, इतर टीम आहेत, सगळे आपापली कामं सोडून रात्रीबेरात्री जाणारे, पगारी नाहीत. पण ज्या हवामानाने तुम्ही अडकलात त्याच हवामानात त्यांना वर यायचं असतं, हे लक्षात घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, इर्शाळगडाच्या ट्रेकच्या नेहमीच्या वाटेवरची वाडी, तिथे रस्ता नाही, पावसात हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, सगळ्यांना चालत चढावं लागलं आणि त्या चढणीत नवी मुंबईच्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हार्ट अटॅकने जीव गेला. तिथे तर गावच गाडलं गेलं होतं, जायलाच हवं होतं. आपण रीलसाठी कड्यावर अडकलो म्हणून कोणाला त्या चढणीला लावायचं हा प्रश्न स्वतःला विचारावा.

म्हणून माझी मागणी. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलेलं आहे, संस्थांनी नोंदणी करायची आहे, सुरक्षेचे नियम आहेत. त्यात एकच ओळ वाढवा: हवामान खात्याने घाटाच्या भागाला नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर त्या दिवशीच्या ट्रेकचे पूर्ण पैसे परत द्यायचे नाहीतर तारीख बदलून द्यायची, निवड गिऱ्हाईकाची. रेल्वे स्वतः गाडी रद्द करते तेव्हा पूर्ण पैसे परत देतेच ना. कंपन्या ओरडतील की आम्ही मरू. मला त्यांचं दुःख कळतं, छोटे छोटे ग्रुप आहेत, मुलं हौसेने चालवतात. पण मग प्रत्येक सीटमागे पन्नास-शंभर रुपये जास्त घ्या आणि तो पैसा अशा रद्द बॅचसाठी बाजूला ठेवा, बसवाल्याशी आणि गावातल्या जेवणवाल्याशीही निम्म्या पैशाचं आधी ठरवा, त्या माऊलीने शंभर भाकरी थापून ठेवायच्या आणि तुम्ही यायचं नाही हेही बरोबर नाही. बाराशेचा ट्रेक तेराशेला झाला तर जायचे ते जातील.

दुसरं म्हणजे परत फिरण्याची वेळ बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा. "सकाळी अकरा वाजता जिथे असू तिथून मागे, टॉप झालं नाही तरी." आधी लिहिलेलं असलं की लीडरला वर भांडावं लागत नाही. आणि एक स्टारवाल्यांचं तोंडही बंद.

तिसरं गावाचं. पायथ्याच्या गावातली माणसं हवामान वाचतात, आपल्याला अ‍ॅप वाचता येतं तसं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एका गावात आम्हाला मामांनी थांबवलं होतं, "ताई, वढ्याचं पाणी बदाललंय, आज ऱ्हाऊ द्या", आम्ही राहिलो, तासाभरात ओढ्याला लोंढा आला. पण मामांचं ऐकायचं की नाही हे आमच्या मर्जीवर होतं. आता बऱ्याच ठिकाणी वनखातं आणि गावची समिती उपद्रव शुल्क घेते, तीस रुपये, पन्नास रुपये, पावती फाडते. ज्याला पावती फाडायचा अधिकार आहे त्याला "आज वाट बंद" म्हणायचाही अधिकार लेखी द्या, आणि वाट बंद ठेवल्या दिवशी त्याचा रोजगार बुडणार नाही एवढी सोय करा, नाहीतर तोही बाराशे रुपयांच्या हिशोबात अडकणार. सरसकट महिनाभर बंदी घातली की गावाचं पोट मारलं जातं आणि शहरातली पोरं चोरवाटेने जातातच, वर पुन्हा गावातल्या कोणाला न सांगता, म्हणजे हरवली तर शोधायची कुठे तेही माहीत नाही.

शेवटची विनंती तुमच्याकडे. आपल्या पेपरात रोज हवामानाचा चौकोन असतो, मुंबई कमाल किमान, पुणे कमाल किमान, नागपूर, छत्रपती संभाजीनगर वगैरे. जून ते ऑक्टोबर दर शुक्रवारी आणि शनिवारी त्यात घाटाच्या भागांचा अंदाज रंगासकट वेगळा छापाल का? पुणे घाट, सातारा घाट, नाशिक घाट, कोल्हापूर घाट आणि रायगड, पाच ओळींची जागा लागेल. बहुतेक बसेस शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री अकरानंतर सुटतात, त्यामुळे सकाळचा अंक घरातल्या कोणाच्या तरी हातात पडलेला असतो, निदान आई-बापाच्या तरी.

आपली,
एक वाचक, डोंबिवली
(नाव छापू नये, मुलगी रागावेल)